टू-डी इकोत ‘हृदयाचा स्नायू कमजोर’ निघाला, दोष मात्र रक्तवाहिनीत होता

रानजाई

भाचा आता अडीच वर्षांचा आहे. सोफ्यावरून उड्या मारतो, कुणाचं ऐकत नाही. म्हणून आता हे जरा शांतपणे लिहिता येतंय.

तो दोन महिन्यांचा असताना बहिणीच्या लक्षात आलं की अंगावर प्यायला घेतलं की दोन-तीन मिनिटांत तोंड बाजूला काढतो, कपाळावर घाम डबडबतो आणि कुणी चिमटा काढावा तसा कळवळून रडतो. मग दमून झोपतो. गॅस असेल, पोट दुखत असेल, दूध पुरत नसेल, सगळं ऐकून झालं. वजन मात्र तीन आठवडे जागचं हललं नव्हतं. शेवटी कफाच्या शंकेनं एक्स-रे काढला, तर छातीच्या निम्म्याहून जास्त जागा हृदयानंच व्यापलेली.

त्याच संध्याकाळी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: डावा खालचा कप्पा फुगलेला, पंपिंग २२ टक्के, झडपेला गळती, निदान डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. आम्हाला सांगितलं की स्नायूच कमजोर आहे, औषधं देत राहू, काही मुलं सुधारतात, काहींना पुढे हृदय बदलावं लागतं. बहीण त्या रात्री एक शब्द बोलली नाही.

पाच दिवसांनी दुसरं मत घ्यायला लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडे गेलो. जुना रिपोर्ट त्यांनी न वाचताच बाजूला ठेवला, ‘आधी मी बघतो, मग वाचतो’ म्हणाले. तेव्हा मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं, खरं सांगते. खोलीत अंधार, जेल कोमट केलेलं, बाळ आईच्या मांडीवर. पहिली दहा मिनिटं आमच्याशी बोलणंच नाही. मग ते स्वतःशीच म्हणाले, ‘उजवी कोरोनरी एवढी जाड का?’ मशीनवरची कसलीशी कळ फिरवून रंगांचा वेग कमी केला आणि पडद्याच्या एका कोपऱ्यावर थांबले. तांदळाच्या दाण्याएवढी रंगाची रेघ दर ठोक्याला येत होती, जात होती. चाळीस मिनिटं चाललं हे सगळं.

निदान: अल्कापा. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी डावी कोरोनरी महाधमनीतून निघायच्या ऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघालेली. साधारण तीन लाखांत एका बाळाला असतं म्हणे. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, ती वाहिनी काढून महाधमनीला जोडली. आठ-नऊ महिन्यांत पंपिंग ५८ वर आलं.

प्रश्न एवढाच, आणि तो दोन वर्षं डोक्यात आहे: मशीन दोन्हीकडे तसंच होतं, बाळ तेच होतं. मग पहिल्यांदा का दिसलं नाही?

चकवाचांदणी

वाचताना घशाला कोरड पडली. भाचा बरा आहे हे पहिल्याच ओळीत सांगितलंत ते बरं केलंत.

एक बाळबोध शंका. त्या पडद्यावर लाल-निळं दिसतं ते शुद्ध-अशुद्ध रक्त ना? मग शुद्ध रक्ताच्या जागी निळं दिसलं की चुकतंय हे कुणालाही कळायला हवं.

प्रोबधारी

चकवाचांदणी, ही शंका बाळबोध नाही, माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पालकांची असते. उत्तर: नाही. प्रोबकडे, म्हणजे छातीवर टेकवतो त्या दांड्याकडे, येणारं रक्त लाल, प्रोबपासून लांब जाणारं निळं, बस. ऑक्सिजनशी त्याचा काडीचा संबंध नाही. गळ्याच्या खळगीत प्रोब ठेवला तर महाधमनीचा वर चढणारा भाग लाल दिसतो आणि कमान ओलांडून खाली उतरणारा निळा. रक्त तेच, नळी तीच. प्रोब फिरवला की रंग उलटे.

आता रानजाई यांच्या प्रश्नाकडे. मी लहान मुलांचेच इको करतो, रोज. पहिल्या डॉक्टरांना सोडवायला लिहीत नाहीये, पण हा आजार फसवतो कसा ते सांगतो.

जन्मतः बाळाच्या फुप्फुसाच्या धमनीत दाब भरपूर असतो. त्यामुळे चुकीच्या जागी लागलेल्या कोरोनरीतही रक्त ढकललं जातं, बाळ ठीक दिसतं. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो. मग डाव्या कोरोनरीत रक्त जाणं तर सोडाच, उजव्या कोरोनरीकडून आडवाटांनी आलेलं रक्त डावीतून उलटं वाहून फुप्फुसाच्या धमनीत सांडायला लागतं. स्नायू उपाशी. दूध पिणं हा त्या वयातला सगळ्यात मोठा व्यायाम, म्हणून नेमकं तेव्हाच दुखतं. तुम्ही पाहिलेलं ते रडणं म्हणजे अक्षरशः अंजायना होता.

इकोवर पहिल्या नजरेला काय दिसतं? फुगलेला, आळशी डावा कप्पा आणि गळकी झडप. कार्डिओमायोपॅथीतही हुबेहूब हेच दिसतं. त्यात भर म्हणजे साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात डावी कोरोनरी महाधमनीला चिकटल्यासारखी भासते. मधली भिंत किरणाला समांतर असली की पुसली जाते आणि नसलेलं तोंड दिसतं. मी स्वतः एकदा फसलोय, शिकत असताना. म्हणून नुसतं तोंड दिसलं यावर विश्वास ठेवायचा नाही, रंग लावून प्रवाह कुठल्या दिशेला जातोय ते पाहायचं. कोरोनरीतला प्रवाह हळू असतो, त्यामुळे वेगाचा पट्टा खाली आणावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी फिरवलेली कळ तीच. नेहमीच्या सेटिंगवर ती रेघ सहसा उमटत नाही.

बाकीच्या खुणा: उजवी कोरोनरी जाड, झडपेला दोऱ्यांनी धरून ठेवणारे स्नायू चुन्यासारखे पांढरे चमकणारे, आणि ईसीजीत पहिल्या लीडमध्ये आणि एव्हीएलमध्ये (हृदयाची डावी बाजू टिपणारे आलेख) खोल क्यू, म्हणजे खाली उतरणारी लाट. कुठल्याही बाळाच्या रिपोर्टवर डायलेटेड कार्डिओमायोपॅथी लिहिण्याआधी दोन्ही कोरोनरींची तोंडं पाहिली का, हा प्रश्न स्वतःला विचारायचाच असा आमच्याकडे दंडक आहे.

एक विचारू? पहिल्या रिपोर्टमध्ये कुठे ‘छोटा पीडीए’ (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर न मिटलेली नळी) असं काही लिहिलं होतं का? असेल तर फाइल काढून बघा. सहज विचारतोय, पण अगदी सहज नाही.

खवचट_खारुताई

सगळं पटलं. पण मग सरळ प्रत्येक नवजात बाळाचा इको का करत नाहीत? मशीन आहे, किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. शंभरात एका बाळाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. की नेहमीप्रमाणे घोडा मेल्यावर गवत?

प्रोबधारी

खारुताई, पहिल्या दिवशी सगळ्यांचा इको केलात तर बहुतेक रिपोर्टांत काहीतरी ‘सापडेल’. वरच्या दोन कप्प्यांमधली फट, अजून न मिटलेली डक्टस नळी (पीडीए म्हणतात ती हीच). त्या वयात हे असायचंच, आपोआप मिटतं. पण ‘हृदयात छिद्र’ हे शब्द एकदा घरात शिरले की पुढची दहा वर्षं त्या पोराला कुणी धावू देत नाही. आणि गंमत बघा, रानजाईंच्या भाच्याचा पहिल्या दिवशीचा इको बहुधा नॉर्मल म्हणून सुटला असता. पंपिंग उत्तम, झडप ठीक.

चाळणी म्हणून त्यापेक्षा साधी गोष्ट उपयोगी पडते: चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचं. ९५ च्या खाली किंवा हात-पायात ३ हून जास्त फरक राहिला तर इको. अमेरिकेत २०११ पासून नवजात बाळांच्या ठरलेल्या तपासण्यांत हे आहे. निळी पडणारी बरीच बाळं त्यात सापडतात. अल्कापा नाही सापडत, कारण ते बाळ निळं नसतंच.

खवचट_खारुताई

म्हणजे चाळणीतून नेमकं दुर्मीळ तेवढं गळतं. छान.

(खवचटपणा बाजूला ठेवून, उत्तर पटलं.)

लांबचा_प्रवासी

मी ४३ वर्षांचा. माझी गोष्ट उलट्या टोकाची.

जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नाडी ४० च्या आसपास. ईसीजीत हार्ट ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत नीट न पोहोचणं. आधीच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या कारणांनी तीनदा इको झालेला, तिन्हींत ‘डावा कप्पा किंचित मोठा’ यापलीकडे काही नाही. पेसमेकर बसवायच्या आधी चौथा इको झाला, तो एका तरुण टेक्निशियन मुलीनं केला. तिनं प्रोब ठेवला, थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावून म्हणाली, ‘सर, याचे खालचे कप्पे अदलाबदल झालेत असं वाटतंय.’

ते खरं निघालं. जन्मजात करेक्टेड ट्रान्सपोझिशन. दोन चुका एकमेकींना खोडून काढतात: खालचे कप्पे उलटसुलट आणि त्यातून निघणाऱ्या मुख्य नळ्याही उलटसुलट, त्यामुळे रक्त बरोबर जागी पोहोचतं. मी क्रिकेट खेळलो, ट्रेकिंग केलं, कुणाला पत्ता नाही. फक्त ४३ वर्षं शरीराला रक्त पुरवण्याचं काम माझा उजव्या जातीचा कप्पा करतोय, ज्याचं ते काम नव्हे. विजेच्या तारांचीही वाट लांबलेली असते, म्हणून ब्लॉक.

तिला कसं कळलं ते विचारायचं राहून गेलं. पेसमेकरच्या गडबडीत नावही विचारलं नाही याची खंत आहे.

प्रोबधारी

मी सांगतो तिला कसं कळलं असेल. हृदयाच्या चारही कप्प्यांचं चित्र समोर आलं की मधल्या पडद्यावर दोन झडपा चिकटलेल्या दिसतात, पण एका पातळीवर नाही. उजवीकडची, तीन पाकळ्यांची, टोकाच्या बाजूला जराशी खाली. डावीकडची वर. काही मिलिमीटरचा फरक. झडप आपल्या कप्प्याची साथ सोडत नाही. कप्पा डावीकडे गेला तर तीही त्याच्याबरोबर डावीकडे जाते आणि मग डावीकडची झडप खाली दिसते. शिवाय त्या कप्प्याची आतली भिंत खडबडीत, आणि टोकाजवळ आडवी स्नायूची दोरी. एवढं पाहिलं की झालं. पण ते पाहायला ‘हा डावीकडे आहे म्हणजे डावाच असणार’ हे गृहीत धरणं सोडावं लागतं. मोठ्यांच्या इको लॅबमध्ये दिवसभर पंपिंग आणि झडपा मोजणाऱ्याच्या डोक्यात हे येईलच असं नाही. तिच्या आलं. शाबास तिची.

हाच फरक वाजवीपेक्षा जास्त असला, म्हणजे तीच झडप शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ८ मिमीपेक्षा खाली सरकलेली असली, तर तो एब्स्टाइनचा दोष. १८६६ मध्ये विल्हेल्म एब्स्टाइननं एका तरुण मजुराच्या शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवला. त्याला मेल्यानंतर दिसलं ते आपण आता दोन मिनिटांत जिवंत माणसात मोजतो.

लहान मुलांच्या इकोत आम्ही म्हणूनच पोटापासून सुरू करतो. यकृत कुठल्या बाजूला, मोठी शीर कुठल्या बाजूला, ती कुठल्या कप्प्यात उघडते, त्या कप्प्याला कुठली झडप, झडपेपुढे कुठल्या जातीचा कप्पा, त्यातून कुठली नळी. फुप्फुसाकडून येणाऱ्या चारही शिरा एकेक करून. रिचर्ड व्हॅन प्राग यांनी साठच्या दशकात ही पायरीपायरीची शिस्त घालून दिली. घराचा पत्ता शोधताना दारावरची पाटी न वाचता गल्ली मोजत जावं तसं. कंटाळवाणं आहे, पण दुर्मीळ गोष्टी तिथेच सापडतात.

यंत्रकिडा

थोडं अवांतर, पण धाग्यात बसेल. हृदयाचा पहिला इको ऑक्टोबर १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे निघाला. डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ. त्यांनी माल्मोच्या जहाज कारखान्यात धातूतल्या भेगा तपासायचं यंत्र वापरून बघितलं, मग सीमेन्सकडून तसंच एक मागून आणलं. म्हणजे जहाजाच्या पत्र्यातली फट शोधणारं यंत्र माणसाच्या छातीवर टेकवलं. हेलमुटचे वडील गुस्ताव हर्ट्झ नोबेलवाले, आणि ज्यांच्या नावानं आपण मेगाहर्ट्झ म्हणतो ते हाइनरिक हर्ट्झ गुस्तावचे काका. प्रोबवर लिहिलेला आकडा म्हणजे त्यांच्या घराण्याचीच पाटी!

त्या आकड्याचंही सांगतो. आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. वारंवारता वाढवली की बारीक दिसतं पण खोलवर पोहोचत नाही. मोठ्यांना २ ते ४ मेगाहर्ट्झ लागतात, तान्ह्या बाळाला ८ ते १२ चालतात. छाती पातळ, बरगड्या मऊ. त्यामुळे जाड माणसापेक्षा बाळाचं चित्र कितीतरी स्वच्छ येतं.

आणि दाब सुईशिवाय कसा कळतो? वेगाचा वर्ग गुणिले चार. रक्त सेकंदाला ४ मीटरनं सुटत असेल तर फटीच्या अलीकडे-पलीकडे ६४ मिमी दाबाचा फरक. शाळेतलं बर्नुली.

अर्धवेळ_आई

इथे विचारू का? मला २० वा आठवडा आहे. पहिल्या मुलीला खालच्या कप्प्यांच्या पडद्यात छिद्र होतं, आपोआप मिटलं. या वेळी गर्भाचा इको सांगितलाय, परवा आहे. तो नॉर्मल आला की निश्चिंत व्हायचं का? वरचं वाचून झोप उडाली आहे.

प्रोबधारी

अर्धवेळ_आई, आधी झोपा. आधीच्या मुलाला दोष असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता दोन-तीन टक्के धरतात. म्हणजे सत्त्याण्णव टक्के तुमच्या बाजूनं. १८ ते २२ आठवडे ही वेळही अगदी बरोबर आहे.

गर्भाच्या इकोत मोठे बिघाड चांगले दिसतात: अर्धं हृदयच न वाढलेलं, नळ्यांची अदलाबदल, कप्प्यांमधली मोठी भोकं. फक्त चार कप्पे पाहून थांबलं तर नळ्यांचे दोष सुटतात, म्हणून वर सरकून तीन नळ्यांचा छेदही पाहतात. परवा विचारा, ‘नळ्या दिसल्या का?’ डॉक्टर रागावणार नाहीत, उलट दाखवतील.

काय दिसत नाही तेही सांगतो, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. पोटात फुप्फुसं काम करत नसल्यानं त्यांच्या शिरांत रक्त थोडंच असतं, त्यामुळे त्या शिरा भलतीकडे जोडल्या असतील तर निसटू शकतं. महाधमनीचं आकसणं डक्टस उघडी असेतो नीट कळत नाही. बारीक छिद्रंही राहतात. आणि वरच्या कप्प्यांमधली फट पोटात असायलाच हवी, तिच्यावरच बाळ जगतं. ती दिसली म्हणून घाबरू नका.

चिवट_बांबू

माझ्या मुलाला पाच वर्षांचा होईपर्यंत ‘वारंवार न्यूमोनिया’ होता. पंप, वाफ, अँटिबायोटिक, सगळं झालं. इकोत डाव्या वरच्या कप्प्यात आडवा पातळ पडदा निघाला, मध्ये पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. फुप्फुसाकडून आलेलं रक्त तिथेच अडायचं आणि मागे तुंबायचं. कॉर ट्रायट्रिएटम. पडदा कापून टाकला, संपलं. आता शाळेत धावण्यात दुसरा येतो. पहिला येणाऱ्यावर त्याचा राग आहे.

चकवाचांदणी

हे सगळं वाचून वाटतंय की इको सोडून सरळ सीटी किंवा एमआरआयच का करू नये?

प्रोबधारी

कारण दुधपित्या बाळाला एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास निश्चल ठेवायचं म्हणजे बहुधा भूल आली, सीटीत किरणं आली. आणि पाकळ्या हलताना इकोइतक्या छान दुसऱ्या कशात दिसत नाहीत. पण इकोलाही कोपरे आहेत. हवा आणि हाड आलं की तो आंधळा. उजवी बाजू फुगलीय आणि कारण सापडत नाही अशा मोठ्या माणसात वरच्या शिरेच्या तोंडाशी असलेलं छिद्र छातीवरून हमखास हुकतं. तिथे अन्ननलिकेतून इको किंवा सीटी, एमआरआय. श्वासनलिकेला विळखा घालणाऱ्या रक्तवाहिन्यांचंही तेच. विळख्याच्या ज्या बंद भागात रक्तच वाहत नाही तो रंगात कसा दिसणार?

रानजाई

दोन दिवस फाइल शोधत होते, बहिणीकडे माळ्यावर निघाली.

डॉक्टर, तुम्ही विचारलंत तेच. पहिल्या रिपोर्टची शेवटून दुसरी ओळ: ‘छोटा पीडीए, उपचारांची गरज नाही.’ आम्ही ती कधी वाचलीच नव्हती. २२ टक्क्यांच्या पुढे कोण वाचतंय?

प्रोबधारी

तीच ती रेघ. पीडीएचा झोत फुप्फुसाच्या धमनीत वरून, डाव्या फांदीच्या जवळून येतो. कोरोनरीचा झोत खालून, झडपेच्या अगदी वर फुटतो. घाईत दोन्ही सारखेच दिसतात. पण छोटा पीडीए एवढं मोठं हृदय करू शकत नाही, ते गणित जुळत नव्हतं. सीडी आहे का?

रानजाई

आहे, फाइलच्या खिशातच होती. मागच्या आठवड्यात भाच्याच्या तपासणीला गेलो तेव्हा आमच्या डॉक्टरांना लावायला सांगितली. बरीच चित्रं पुढे ढकलली आणि एका क्लिपवर थांबले. झडपेच्या जरा वर, दोन ठोके, रंगाचा ठिपका. तिसऱ्या ठोक्याला बाळ हललं आणि चित्र गेलं.

त्यांनी ती क्लिप पहिल्या डॉक्टरांना पाठवली, आम्हाला विचारून. बहिणीला त्यांचा फोन आला. म्हणाले, मी ती रोज विद्यार्थ्यांना दाखवली तर चालेल का, नाव झाकून. बहीण ‘चालेल’ म्हणाली. मग फोन ठेवून बराच वेळ तो कोऱ्या पाकिटातला पहिला रिपोर्ट हातात घेऊन बसली, आणि भाचा तिच्या पाठीवर चढून हातातला कागद ओढत होता.